शनिवारचा एक तास : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,


सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेला एक निकाल आपल्या खात्यापर्यंत पोचला असेलच. विशाखापट्टणमला राहून नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्या निमित्ताने न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांना पंधरा सूचना घालून दिल्या. त्यांतली एक अशी की, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. शाळा, महाविद्यालयं, खासगी शिकवण्या, वसतिगृहं, सगळी त्यात आली.

आमच्या क्षेत्रातले लोक हे कितीतरी वर्षं मागत होते, त्यामुळे निकाल वाचून बरं वाटलं. पण पाठोपाठ भीतीही वाटली, आणि ती मी सरळच लिहिते. एक परिपत्रक निघेल. कुठल्या तरी प्राध्यापकांकडे समुपदेशन कक्षाचा अतिरिक्त कार्यभार जाईल. दोन-तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण, शेवटी प्रमाणपत्र, दारावर पाटी आणि तपासणीला येणाऱ्या समितीसाठी एक नोंदवही. ज्या मुलाला खरंच कुणाशी तरी बोलायचं आहे तो त्या दारापाशी येईल, अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत तेच सर आत बसलेले पाहील आणि मागच्या मागे निघून जाईल.

हे टाळता येईल. त्यासाठी समुपदेशक तयार कसा होतो, हे आधी नीट पाहायला हवं. नेमणुका पुढे शालेय शिक्षण, आरोग्य, महिला व बालविकास, गृह अशा वेगवेगळ्या खात्यांतून होतील. पण ही माणसं घडतात विद्यापीठांत, आणि विद्यापीठं आपल्याकडे आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. समाजकार्य शिकणारी मुलंमुली क्षेत्रकार्यासाठी आमच्याकडे येतात. वर्गातले तास सांभाळून आठवड्याचे दोन दिवस त्यांनी प्रत्यक्ष काम करायचं, घरी जाऊन त्याचं रेकॉर्डिंग लिहायचं, म्हणजे काय घडलं, कोण काय म्हणालं, आपल्याला काय वाटलं, हे सगळं. आणि शनिवारी ती वही घेऊन सुपरवायझरसमोर बसायचं. या बसण्याला मुलं ‘आयसी’ म्हणतात, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. एक विद्यार्थी, एक सुपरवायझर, एक वही, एक तास. वर्षानुवर्षं हे पाहून माझं मत पक्कं झालं आहे की, समाजकार्याच्या शिक्षणात बाकी सगळ्याला पर्याय निघेल, या तासाला निघणार नाही.

त्या तासात काय होतं, याचा एक नमुना देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातली एक मुलगी, घरातली पहिली पदवीधर, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला होती. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंशी ती पाऊण तास बोलली आणि वहीत तिने लिहिलं, ‘महिलेस धीर दिला. योग्य तो सल्ला दिला. महिलेचे समाधान झाले.’ सुरुवातीला सगळेच असं लिहितात. शाळेपासून आपण मुलांना हीच भाषा शिकवलेली असते. मी विचारलं, त्या काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांग. आठवून आठवून तिने एकेक वाक्य काढलं. त्यात मध्येच एक वाक्य होतं, ‘भावाचं लगीन व्हायचंय अजून.’ मुलीला ते इकडचं-तिकडचं बोलणं वाटलं होतं, म्हणून तिने ते लिहिलंच नव्हतं.

खरी केस त्या एका वाक्यात होती. बहीण नांदत नाही हे कळलं तर भावाची ठरत आलेली सोयरीक मोडेल, म्हणून त्या माहेरी जायला तयार नव्हत्या. घर सोडायचं कसं हे त्या विचारायलाच आल्या नव्हत्या. लग्नाची तिथी येईपर्यंत जीव सांभाळून राहायचं कसं, हे त्यांना हवं होतं. विद्यार्थिनीने मात्र त्यांना कायद्याची माहिती दिली होती. माहिती अगदी बरोबर होती, पण त्या दिवशी ती त्यांच्या उपयोगाची नव्हती. पुढच्या भेटीत तिने वेगळे प्रश्न विचारले. मार कधी पडतो, दारू प्यायल्यावरच की एरवीही? शेजारी कोण धावून येतं? फोन कुणाकडे असतो? आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले घरात कुठे ठेवले आहेत? गावातल्या आशाताईंशी बोललेलं चालेल का? कागदपत्रं थोरल्या बहिणीकडे गेली, शेजारणीशी खूण ठरली. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचा अर्जही पुढे भरला गेला, पण बाईंच्या सवडीने, बाईंनी ठरवल्यावर.

व्यक्तीचा स्वयंनिर्णय हे तत्त्व त्या मुलीने पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत त्यावर तिने टीपही लिहिली असणार. पण ते तिच्या हाताला लागलं ते त्या शनिवारी.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, आणि ती आपल्या समाजाची आहे. गृहभेटीला गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, आडनाव काय? एका विद्यार्थ्याने आडनाव सांगितलं आणि पुढचं सगळं बोलणं ओट्यावरच झालं. बसायला सांगितलं नाही, पाणी विचारलं नाही. वहीत त्याने एवढंच लिहिलं, ‘घरात बोलावले नाही.’ ओळीच्या खाली-वर काहीही नाही. त्या शनिवारी आम्ही त्या कुटुंबाच्या केसबद्दल फार थोडं बोललो. त्याला आलेला राग, तो गिळून त्याने शांतपणे विचारलेले प्रश्न, आणि त्या घरातल्या आजारी मुलीसाठी पुन्हा त्याच ओट्यावर जायचं की नाही, हेच बोललो. तो पुन्हा गेला. ते त्याने स्वतः ठरवलं, आणि नसता गेला तरी मी त्याला बोल लावला नसता. समोरच्या माणसाचा स्वीकार करा, असं आम्ही शिकवतो. जो समोरचा आपल्यालाच स्वीकारत नाही त्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे कुठल्याही व्हिडिओच्या शेवटी येणाऱ्या चार पर्यायांच्या प्रश्नात बसत नाही.

आणि जे समुपदेशक आता महाविद्यालयांत बसणार आहेत त्यांच्यापुढे रोज येणारा एक पेच सांगते. अकरावी-बारावीची मुलगी येते आणि म्हणते, ‘मॅडम, कुणाला सांगणार नसाल तर सांगते.’ समुपदेशकाने ‘नाही सांगणार’ म्हटलं, मुलीने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, आणि मुलगी अठरा वर्षांच्या आतली आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना कळवणं आता बंधनकारक आहे. म्हणजे एकतर कायदा मोडायचा, नाहीतर मुलीला दिलेला शब्द. प्रशिक्षित माणूस या कोंडीत मुळात सापडत नाही, कारण गुप्तता कुठपर्यंत पाळता येईल हे तो पहिल्या भेटीतच, मुलगी काही सांगण्याच्या आधीच, तिला कळेल अशा शब्दांत सांगतो. आणि ते अशा सुरात सांगतो की मुलगी घाबरून गप्प होत नाही. हा सूर ऐकून येत नाही. तो आधी कुणासमोर तरी चुकावा लागतो, आणि ऐकणाऱ्या अनुभवी माणसाने तो दुरुस्त करावा लागतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाशी बोलण्याचंही तेच. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्या मुलाला शिक्षेच्या धाकातून सोडवलं, तो तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं. पण त्याच्या वडिलांना, प्राचार्यांना आणि वसतिगृहाच्या रेक्टरना ते पटवायचं काम समुपदेशकाचंच राहतं.

महोदय, या शिक्षणाचा पाया आपल्याच राज्यात घातला गेला. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेव्हा ते नागपाड्यातल्या नेबरहूड हाउसमध्ये, कष्टकऱ्यांच्या दाट वस्तीत भरत असे. क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक. समाजकार्याचं देशातलं ते पहिलं विद्यालय, आणि त्याचा वर्गच वस्तीत होता. पुढे त्याची टाटा समाजविज्ञान संस्था झाली. 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, ती नेमणूकही देशातली पहिली. 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसलेली, ही कल्पना तेव्हा नवीनच होती. नंतर राज्य सरकारने तो कक्ष आपलासा केला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. 1996 मध्ये सुरू झालेली 1098 ही बालकांची हेल्पलाइनसुद्धा टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच क्षेत्रप्रकल्पातून उभी राहिली. विद्यार्थी आणि शिक्षक वस्तीत, पोलीस ठाण्यात, फलाटावर जाऊन काम करत होते म्हणून या सेवा सुचल्या. क्षेत्रकार्य हे अभ्यासक्रमाला लावलेलं शेपूट आहे असं समजणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास एकदा पाहावा.

आता कुणी म्हणेल, पदवीचा एवढा आग्रह कशाला? मनाचा मोठेपणा असलेली साधी माणसं हे काम करतातच की. खरं आहे. 1986 साली अनिल आणि अनिता अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच समुपदेशक होतात, आणि ती किती जीव ओतून काम करतात हे महाराष्ट्राला माहीत आहे. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेने तर हे शास्त्रीय कसोटीवर घासून पाहिलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांच्याकडून सहा ते आठ भेटींत उपचार मिळाले. रुग्णांना फरक पडला. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले.

पण हे समुपदेशक काम कसं करत होते, तेही वाचायला हवं. भेटी ध्वनिमुद्रित होत. समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत, एकमेकांच्या कामाला गुण देत, कुठे घाई झाली, कुठे ऐकायचं राहिलं, ते बोलत. म्हणजे पदवी नव्हती, पण शनिवारचा तास होता. म्हणून पदवीचा अभिमान मी मिरवत नाही. एमएसडब्ल्यूचा कागद हातात असूनही माणसासमोर बसता न येणारे लोक मी पाहिले आहेत, आणि सातवी शिकलेल्या बचत गटाच्या ताई उत्तम ऐकून घेताना पाहिल्या आहेत. माझा हट्ट एकाच गोष्टीसाठी आहे : ज्याच्या कामाकडे कुणी जाणतं माणूस नियमित पाहत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचं मन देऊ नये.

नेमकी हीच गोष्ट आज महाविद्यालयांतून झिजत चालली आहे. एकेका शिक्षकाकडे इतके विद्यार्थी असतात की प्रत्येकाला तास द्यायचा म्हटलं तर आठवडा पुरत नाही. मग दहा जणांना एकत्र बसवून ‘काही अडचण?’ विचारलं जातं. अनेक ठिकाणी शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना पैसे वर्गातल्या तासांचे मिळतात. शनिवारी चाळीस किलोमीटरवरच्या आमच्यासारख्या केंद्रात येऊन विद्यार्थ्याची वही वाचण्याचा तास त्यांनी कुठल्या बिलात लावायचा? विद्यार्थ्यांचीही कथा तीच. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मुलींना फार आधार झाला. पण गृहभेटीची गावं एसटीच्या वाटेवर थोडीच असतात? पुढे वडाप, नाहीतर पायी. शिष्यवृत्ती उशिरा येते, तोवर उसनवारी. असं झालं की मागच्या वर्षीच्या कुणाची तरी जर्नल उतरवून काढली जाते. मी अशा वह्या ओळखते. त्यांत सगळ्या महिलांचं समाधान झालेलं असतं.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सगळ्याच शाखांना ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. ते चांगलंच आहे. पण समाजकार्याचं क्षेत्रकार्य त्याच रकान्यात टाकून एकदाचे श्रेयांक मोजून मोकळं होऊ नये, ही विनंती. महिनाभर कार्यालयात बसून काम पाहणं आणि वर्षभर दर आठवड्याला आपल्या बोलण्याची चिरफाड होऊ देणं, यांत फार फरक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये मानसशास्त्रासारखे आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवणं थांबवलं. अनेकांची त्यामुळे गैरसोय झाली, तरी मला तो निर्णय पटला. माणसासमोर बसायची विद्या माणसासमोर बसूनच येते.

वकिलाला बार कौन्सिल आहे, परिचारिकेला परिषद आहे. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशक आणि रुग्णालयांत काम करणारे समाजकार्यकर्ते आले, पण बाकीच्या समाजकार्यासाठी आपल्या देशात वेगळी वैधानिक परिषद नाही. मग कुणाच्या कामाची जबाबदारी कुणी घ्यायची? आणि शिकून बाहेर पडल्यावर तर सगळंच सुटतं. एचआयव्ही चाचणी केंद्रातले समुपदेशक कंत्राटी, अत्याचारग्रस्त महिलांसाठीच्या सखी केंद्रातल्या कंत्राटी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कंत्राटी. मानधन वेळेवर येईल याची खात्री नाही. एखाद्या बाईला ‘पुढच्या महिन्यात या, मी इथेच आहे’ असं म्हणताना आपलाच करार पुढच्या महिन्यात संपतोय हे डोक्यात असतं. माझ्या हाताखालून गेलेल्या चांगल्यातल्या चांगल्या मुली बँकेच्या, तलाठ्याच्या परीक्षा देताना दिसतात. त्यांना दोष कसा द्यावा? जी टिकते ती एकटी पडते. दिवसभर मारहाण, अत्याचार, विषप्राशन ऐकायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापायच्या. तिचं ऐकायला शनिवारी कुणी नसतं.

म्हणून मागणं एवढंच आहे. न्यायालयाच्या सूचनेप्रमाणे नेमणुकांचे निकष ठरवताना पदवीच्या नावापाशी थांबू नका. उमेदवाराने देखरेखीखाली प्रत्यक्ष किती काम केलं, ते विचारा आणि त्याचा पुरावा मागा. शिक्षक असलेल्यांवर हा कार्यभार टाकू नका. गुण देणारा आणि मन मोकळं करून घेणारा एकच माणूस नसावा. समाजकार्याच्या आणि मानसशास्त्राच्या विभागांत क्षेत्रकार्याचं पर्यवेक्षण हा अध्यापनाचाच तास धरा, तासिका तत्त्वावरच्यांना त्याचे पैसे द्या, आणि किती विद्यार्थ्यांमागे एक पर्यवेक्षक याची मर्यादा पाळली जाते का ते तपासा. विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च शिष्यवृत्तीची वाट न पाहता महाविद्यालयाकडून दरमहा मिळाला, तर उतरवलेल्या वह्या निम्म्या तरी कमी होतील.

आणि जे समुपदेशक नेमले जातील त्यांना महिन्यातून एक दिवस जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात किंवा विद्यापीठ विभागात आपापल्या केस घेऊन बसण्याची कर्तव्य रजा द्या. यासाठी नवी इमारत लागत नाही. खोल्या आहेत, शनिवारी दुपारी त्या रिकाम्याच असतात. अनुभवी माणसं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना बोलावणारं कुणी नाही. जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ, निवृत्त समाजसेवा अधीक्षक, महिला कक्षातल्या जुन्या कार्यकर्त्या, यांची यादी एका दिवसात होईल.

एक गोष्ट मराठीची. आमची मुलं परीक्षा मराठीत देतात, काम मराठीत, गोरमाटीत, अहिराणीत करतात; पण त्यांच्या हातात येणारी केसवर्कची पुस्तकं बहुतेक अमेरिकी उदाहरणांवर उभी आहेत. त्यांत ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहिलेलं पोर नाही, आणि ओट्यावरून परत पाठवलेला समाजकार्यकर्ताही नाही. राज्यभरच्या क्षेत्रकार्याच्या वह्यांमधून, नावगाव काढून, निवडक केसचं एक मराठी पुस्तक विद्यापीठांनी मिळून करावं. आमच्याकडच्या वह्या, त्या त्या व्यक्तींची आणि विद्यार्थ्यांची संमती घेऊन, मी त्यासाठी देईन.

निकष ठरवायला आपण समिती नेमाल. तीत अधिकारी, कुलगुरू, डॉक्टर असतीलच, असावेतही. त्यांच्याबरोबर तालुक्याच्या ठिकाणी क्षेत्रकार्य घेणारे दोन पर्यवेक्षक आणि नुकतीच शिकून कंत्राटावर लागलेली एक समुपदेशक, एवढी तीन माणसं घ्या. बैठक मुंबईत असेल तर आम्ही रात्रीच्या गाडीने येऊ.

आपली विश्वासू,
एक क्षेत्रकार्य पर्यवेक्षक,
कुटुंब सल्ला केंद्र, मराठवाडा